कोंडलेला दम

ओवीचं हृदय माझ्या पडद्यावर लाल आलं, तेव्हा बाहेरच्या बाकावर आबा शेजारच्या माणसाला सांगत होते, की चौगुल्यांच्या घरात मशीनला भिणारं कुणी जन्माला आलेलं नाही. दार अर्धवट उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं. मी पडदा बंद केला, पुन्हा उघडला. बंद करून चालू केल्यावर सुधारायला तो काही मोबाइल नव्हता. लाल ते लालच राहिलं.

आधी ओळख करून देतो, म्हणजे पुढं गोंधळ नको. मी डॉक्टर शार्दूल चौगुले. नाव वाघाचं, अंगकाठी मांजराची. आबा म्हणजे माझे वडील, कोल्हापुरातल्या एका जुन्या तालमीचे वस्ताद. थोरल्या मुलाचं नाव त्यांनी मोठ्या आशेनं ठेवलं, आणि त्या मुलानं तालमीतल्या पहिल्याच आठवड्यात हात मोडून घेतला नि पुस्तकात तोंड खुपसलं. मग बऱ्याच वर्षांनी ओवी झाली. आईनं गोड नाव ठेवलं, पण पोरगी चालायला लागल्यापासून मातीच्या हौद्यातच लोळायची. आबा म्हणायचे, "देवानं पानं उलटी वाटली, पर डाव चांगला लागला."

डाव फारच चांगला लागला होता. राज्याच्या चांदीच्या गदेपासून ओवी फक्त एक कुस्ती लांब होती. ती कुस्ती दिवाळीनंतर होती, म्हणजे महिन्याभरानं. तीत उतरायचं तर वेधचा हिरवा शेरा हवा होता.

वेध म्हणजे काय ते मीच सांगतो, नाहीतर आबा सांगतील तेच तुम्ही खरं धराल. मोठ्या चुंबकाच्या बोगद्यात माणूस निजतो. शरीरातल्या पाण्यातले हायड्रोजनचे अणू त्या ओढीनं एका दिशेला लागतात. रेडिओलहरींनी त्यांना ढोसलं की ते डगमगतात आणि जागेवर परत येताना बारीकसा संदेश सोडतात. त्या संदेशांतून चित्र तयार होतं. हा झाला नेहमीचा एमआरआय. हृदयासाठी आणखी एक युक्ती करतात. त्याच लहरींनी स्नायूवर काळ्या रेघांची जाळी आखतात. शाई नाही, सुई नाही, एका ठोक्यापुरती टिकणारी जाळी. हृदय नुसतं मुठीसारखं मिटत नाही. ओला पंचा पिळावा तसं ते वरून एकीकडे आणि खालून दुसरीकडे वळतं आणि रक्त बाहेर काढतं. त्या पिळात जाळीचा कोणता चौकोन किती वाकला ते मोजलं, की स्नायूचा कोणता तुकडा राबतो आणि कोणता नुसती हजेरी लावतो ते कळतं.

इथवर माझ्या शिक्षकांच्या पिढीनं केलं होतं. आमच्या पिढीनं त्यात भर घातली. स्नायूचे तंतू कोणत्या दिशेनं विणलेत तेही आता दिसतं. ते सगळं घेऊन संगणकात त्या माणसाचं हृदय जसंच्या तसं उभं करायचं आणि पुढं पळवायचं. दहा वर्षांचं आयुष्य तासाभरात. पुन्हा पुन्हा पळवून त्यात ते कितीदा अचानक बंद पडतं ते पाहायचं. हाच वेध. त्याला शिकवणाऱ्या चमूत मीही होतो, हजारो खेळाडूंची हृदयं आम्ही त्याला दाखवली होती, आणि मला त्याचा अभिमान होता. पुढं एका मैदानात एक उमदा मल्ल कुस्ती जिंकून हात वर करता करता कोसळला आणि उठलाच नाही. तेव्हापासून कुस्ती संघटनेनं वेध सक्तीचा केला. हिरवं आलं तर उतरा, पिवळं आलं तर पुन्हा तपासा, लाल आलं तर लंगोट खुंटीला टांगा.

ओवीच्या हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होती. जाड भिंतीला दोन कारणं असतात. एक म्हणजे मेहनत. दंड फुगतो तसं हृदयही फुगतं, त्यात वाईट काही नाही. दुसरं म्हणजे आजार. तंतू जन्मतःच अस्ताव्यस्त विणलेले असतात, भिंत आपोआप वाढत जाते, आणि असं हृदय एखाद्या दिवशी भर जोरात असताना ताल सोडतं आणि थांबतं. बाहेरून दोन्ही भिंती सारख्याच दिसतात. वेधनं दुसरं कारण निवडलं होतं.

आमच्या विभागप्रमुख नसीमा मुल्ला मॅडम माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या. पडदा पाहून त्यांनी चष्मा काढला.

"चौगुले, तुझे काका तालमीतच गेले होते ना?"

"हो. बजरंगकाका. चोविसाव्या वर्षी, हौद्यातच. माझ्या जन्माच्या आधी. घरात म्हणतात, ऊन लागलं."

"महिना कुठला होता?"

"श्रावण," मी म्हणालो. मॅडमनी चष्मा पुन्हा चढवला.

काकांचं हृदय कुणी पाहिलंच नव्हतं. मी हृदयाचा डॉक्टर झालो त्याचं कारण तेच होतं, पण हे मी घरात कधी बोललो नव्हतो. आता तेच कारण ओवीच्या रूपानं आत टेबलावर निजलं होतं आणि विचारत होतं, "झालं का दादा? भूक लागलीय."

*

"तीन महिने मेहनत बंद," मी जेवताना सांगितलं. "जोर नाहीत, बैठका नाहीत, माती नाही. मेहनतीनं जाड झालेली भिंत बसून राहिल्यावर उतरते. आजाराची उतरत नाही. मग कळेल."

"आणि गदा?" ओवीनं विचारलं. तिचा घास हातातच होता.

"पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी मी कुठल्या वजनात असंन, गुडघा कसा असंल, कुणी सांगितलंय?"

आबा शांतपणे भाकरी मोडत होते. त्यांचा शांतपणा मला लहानपणापासून नको वाटतो. "शार्दुल्या," ते म्हणाले, "तुझ्या मशिनीनं कधी कुस्ती खेळलीया?"

"आबा, काका—"

"बजाला ऊन लागलं हुतं."

"श्रावणात?"

आईच्या हातातून आमटीचा डाव खाली पडला. आबा ताट सरकवून उठले. त्या घरात काकांबद्दल प्रश्न विचारायचा नाही, हा नियम मी पहिल्यांदाच मोडला होता. रात्रभर मी या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिलो. वेध बरोबर असेल तर बहीण जाणार, वेध चूक असेल तर तिची गदा माझ्यापायी जाणार. तिसरा रस्ता काही केल्या सापडेना.

सकाळी मी तालमीत गेलो. खरं तर ओवीला पुन्हा समजवायला गेलो होतो. आबा नव्या पोरींना शिकवत होते. हौद्यात ताक, तेल आणि हळद मुरवलेल्या मातीचा वास होता. तो वास आला की माझा मोडलेला हात अजून दुखतो. ओवी एका जोडीदारणीला खाली घेऊन तिच्यावर घिश्श्याचा, म्हणजे पालथ्या गड्याला उलटा करून चीत करायच्या डावाचा, दाब देत होती.

"हनवटी छातीला लाव!" आबा पोरींना ओरडून सांगत होते. "प्वाट घट्ट! दम आत कोंड, तोंड मीट, मग लाव जोर! ज्याचा दम सुटला, त्याची पकड सुटली!"

ओवीची हनुवटी खाली गेली, मानेच्या शिरा फुगल्या, चेहरा लालबुंद झाला. माझंही पोट आपोआप घट्ट झालं होतं. आठवडाभर का होईना, मीही तेच शिकलो होतो. दाताच्या डॉक्टरकडं खुर्चीत बसलो तरी मी तसाच दम कोंडतो. आमच्या तालमीत हे डावांच्याही आधी शिकवतात, म्हणून ते विसरता येत नाही.

आणि मी तिथंच मातीत बसलो.

हृदय छाती आणि पोटामधल्या श्वासाच्या पडद्यावर टेकलेलं असतं. श्वास चालू असला की तेही वर-खाली होतं. वेध बरीचशी हालचाल हिशेबात घेतो, पण तंतूंच्या बारीक चित्रासाठी अजूनही श्वास थांबवावा लागतो. बोगद्यातला आवाज सांगतो, "श्वास सोडा. रोखून धरा." साधा माणूस श्वास सोडतो आणि नुसता थांबतो. आमच्या ओवीला "रोखून धर" म्हटल्यावर तिनं काय केलं असेल? हनुवटी छातीला लावली असेल, पोट घट्ट केलं असेल, आणि आबांनी शिकवला तसा दम कोंडून पूर्ण जोर लावला असेल. असं केलं की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडं परत येणारं रक्त अडतं, कप्पा लहान होतो आणि भिंती जवळ येऊन आणखी जाड दिसतात. वेधनं निजलेल्या मुलीचं हृदय म्हणून जे मोजलं, ते भर कुस्तीतलं हृदय होतं.

मी तसाच मातीनं भरलेल्या पॅंटनिशी उठलो. "ओवे, चल. पुन्हा तपासायचंय."

"आता का?" तिनं विचारलं.

"तू मशीनशी कुस्ती खेळून आलीस."

*

तिला दम न कोंडायला शिकवणं म्हणजे मासळीला पाण्याबाहेर राहायला शिकवणं. "श्वास रोख" म्हटलं की पोट घट्ट. शेवटी मी सांगितलं, "तोंड उघडं ठेव. जांभई अर्ध्यावर अडकल्यासारखं." ती हसत सुटली, मॅडमही हसल्या. चार-पाच खेपांनंतर जमलं.

वेधनं तासभर घेतला. त्या तासात मी व्हरांड्यात इतक्या फेऱ्या मारल्या, की आबा म्हणाले, "अरं, बस की. फरशी झिजंल." मला बसवेना.

शेरा हिरवा आला. काठावरचा, पण हिरवा. भिंत अजून जाडच होती, पण कप्पा ऐसपैस, पीळ उत्तम.

"छान," मॅडम म्हणाल्या. "उठव तिला."

मी हात वर करून त्यांना थांबवलं. तो हात मी का वर केला, हे मला अजून नीट सांगता येत नाही. नियमानं काम संपलं होतं. पण डोक्यात काहीतरी टोचत होतं. कालचं चित्र चूक होतं, कारण ओवीनं दम कोंडला होता. बरं. मग गदेच्या कुस्तीत ती काय करणार होती? जांभई देणार होती?

"ओवे," मी माइकमध्ये म्हणालो, "आता एकदा तुझ्या पद्धतीनं. घिस्सा मारताना कोंडतीस तसा कोंड."

"चौगुले, हे कशाला?" मॅडमनी विचारलं.

या खेपेला मी रक्ताचा प्रवाह पाहत होतो. दम कोंडला, कप्पा आखडला, आणि बाहेर पडायच्या वाटेवरची झडपेची पाकळी ओढली जाऊन जाड भिंतीला जाऊन चिकटली. दारच अर्धं बंद झालं. रक्त बारीक चिळकांडीसारखं निघत होतं आणि मागं कप्पा जीव तोडून पिळत होता. तिनं दम सोडला, पाकळी मोकळी झाली. हेच हृदय वेधनं पुढं पळवलं. लाल.

म्हणजे एकाच मुलीची दोन हृदयं होती. टेबलावरचं हिरवं आणि हौद्यातलं लाल. नियम टेबलावरचं मागत होता.

मॅडमनी चित्र मागं नेऊन पुन्हा एकदा पाहिलं. "सही मी करीन. तुझी बहीण आहे, तू करायची नाही. पण दोन्ही चित्रं पाठवू."

आम्ही दोन्ही चित्रं पाठवली, सोबत टिपणही जोडलं. संघटनेनं वरच्या चित्राचा हिरवा रंग पाहिला आणि दुपारच्या आत परवानगी पाठवून दिली. टिपण कुणी वाचलं असेल असं मला वाटत नाही. आबांनी तालमीत पेढे वाटले.

*

ओवीला मी गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर नेलं. तिथं अजूनही म्हैस समोर पिळून फेसाळ दूध ग्लासात देतात. त्या कट्ट्यावर आजवर कुठलं मशीन आलेलं नाही आणि येऊही नये. तिच्या हातात ग्लास आला तसं मी सगळं सांगितलं. पाकळी, दार, चिळकांडी, लाल. काहीही मागं ठेवलं नाही.

तिनं ओठांवरचा फेस पुसला. "मग मी मरणार?"

"माहीत नाही. हा आजार असेल तर दम कोंडून जोर लावशील तेव्हा धोका आहे. नसेल तर तुझी भिंत मेहनतीनं जाड झालीय आणि उतरेल. हे तीन महिने बसल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. मलाही, वेधलाही."

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं तू उतरू नयेस."

"डॉक्टर म्हणून?"

"भाऊ म्हणून. डॉक्टर म्हणून मला काहीच वाटत नाही, नुसती भीती वाटते."

ती म्हशीकडं बघत बसली. मग म्हणाली, "हे बघ दादा. मी लढतो." आमच्याकडच्या मुलींसारखी तीही 'मी येतो, मी लढतो' असंच बोलते. "पर दम न कोंडता लढतो. श्वास चालू ठेवून. आणि कुस्ती झाली की तुझे तीन महिने बसतो. हलत न्हाई जाग्यावरनं."

"आणि भर लढतीत विसरलीस तर?"

"तू असशील की."

तिथंच आमचा करार झाला. तिच्या छातीवर नखाएवढी चकती चिकटवायची. चकतीला हृदय दिसत नाही, ठोके आणि त्यांचे आवाज मात्र कळतात. माझ्या मोबाइलमध्ये तिचं संगणकातलं हृदय त्या ठोक्यांबरोबर धावेल आणि दार किती मिटतंय त्याचा अंदाज देईल. अंदाज हद्दीबाहेर गेला की मी हात वर करायचा. हलग्यांच्या गलक्यात माझा आवाज तिच्यापर्यंत पोचणार नाही, पण आबांचा पोचतो. म्हणून माझा हात पाहून आबांनी ओरडायचं, "सोड."

"आबा ओरडतील?" मी विचारलं.

"तू सांग त्यांना," ओवी म्हणाली आणि दुसरा ग्लास मागवला.

आबांना सांगितलं तेव्हा ते आधी हसले. "श्वास सोडून जोर लावायचा? ही कुस्ती हाय का बाळंतपण?"

"बाळंतपणात जोर लागत न्हाई व्हय?" आई आतून म्हणाली. "दोन काढलीत मी. मला इचारा की कसा लावायचा."

मग मी त्यांना ते चलच्चित्र दाखवलं, पाकळी भिंतीला चिकटते ते. त्यांनी ते तीनदा पाहिलं. चौथ्यांदा मीच बंद केलं.

"बजा खाली पडला," ते म्हणाले, "तवा मी वरनं वरडत हुतो. दम कोंड, दम कोंड म्हणून." एवढं बोलून ते गोठ्याकडं गेले.

दुसऱ्या दिवसापासून आबा तालमीत ओवीजवळ उकिडवे बसून सांगायला लागले, "सोडत सोडत लाव. हूं करत लाव." चाळीस वर्षं ज्या तोंडानं उलटं शिकवलं, त्याच तोंडानं. ओवीची पकड पहिले काही दिवस रोज सुटायची. पोरी एकमेकींकडं बघायच्या. आबा कुणाकडंच बघायचे नाहीत.

*

मैदान मिरजेला भरलं होतं. समोर जामखेडची राजवी डोके, ओवीपेक्षा वजनानं जड नाही पण हातानं लांब. हलग्या कडाडत होत्या. आबा हौद्याच्या काठाशी बसले होते, मी त्यांच्यापासून दहा-बारा हातांवर, मोबाइल दोन्ही हातांत धरून. मला कुस्ती दिसतच नव्हती. मी नुसती मोबाइलवरची अंदाजाची रेघ बघत होतो.

सुरुवात चांगली झाली. ओवी हुंकारत होती, इतक्या मोठ्यानं की मागं कुणीतरी म्हणालं, "पोरगी गाणं म्हणायलीया का काय?" रेघ खाली होती. राजवीनं पायांत शिरून पट काढायचा प्रयत्न केला, ओवीनं झुकांडी दिली आणि तिला खाली घेतलं. लोक उभे राहिले. मी वर पाहिलं. राजवी गुडघ्यांवर, ओवी तिच्या पाठीवर, आणि ओवीचा हात घिश्श्याला शिरत होता. घिस्सा बसला की संपलं. त्या पकडीतून ओवीच्या हातून आजवर कुणी सुटलेलं नव्हतं.

हुंकार थांबला.

तिची हनुवटी खाली गेली होती. मी रेघेकडं पाहिलं. ती चढत होती. राजवीचा एक खांदा मातीला लागत आला होता, दुसरा अजून अधांतरी होता. अजून एक रेटा हवा होता. रेघ हद्दीला टेकली. मी म्हटलं, जाऊ दे, होईल आत्ता. रेघ हद्दीपार गेली. मी म्हटलं, हा नुसता अंदाज आहे, चकतीला हृदय दिसत नाही. हे सगळं मी म्हटलं ते मला स्वच्छ आठवतं, आणि मग माझा हात वर गेला.

आबा माझ्याकडंच बघत होते. कुस्तीकडं नाही. पोरीनं आयुष्यातला सगळ्यात मोठा घिस्सा भरला होता आणि तिचा वस्ताद पाठमोरा होऊन आपल्या काटकुळ्या पोराच्या हाताकडं बघत होता. हात दिसताच ते वळले.

"सोड! ओवे, सोड! दम सोड!"

असला आवाज मी कधी ऐकला नव्हता. आबांचा आवाज आला की ओवीचं शरीर ऐकतं, तिला विचारायची गरज लागत नाही. तिच्या तोंडून भस्सकन श्वास बाहेर पडला. हात सैल झाला. राजवी सटकली, वळली, आणि ओवी सावरायच्या आत तिची पाठ मातीला लागली. हलग्या आणखी जोरानं वाजायला लागल्या. रेघ खाली येत होती.

"वस्ताद, काय केलंसा हे?" आबांच्या एका जुन्या जोडीदारानं त्यांचा दंड धरून विचारलं. "हातातली गदा सोडाय लावली व्हय पोरीला?"

"पोरानं हात वर केलता," आबा म्हणाले. बाकी काही सांगितलं नाही.

ओवी गाडीत मागं बसली. जयसिंगपूर मागं पडल्यावर म्हणाली, "मला त्या पोरीनं न्हाई हरवलं. तुझ्या मोबाइलनं हरवलं." त्यानंतर ती माझ्याशी बोलायची बंद झाली. करार मात्र तिनं पाळला. तीन महिने घरात बसली, डाळीचे सांडगे घालायला शिकली, आणि मी घरात आलो की उठून आत जायची.

ते तीन महिने मला कसे गेले ते सांगून उपयोग नाही. मला एकच कळत नव्हतं, देवाकडं मागू काय? भिंत उतरली नाही तर मी बरोबर ठरणार होतो. त्या दिवशी मी तिला वाचवलं असं मला म्हणता आलं असतं, आबांनाही, आणि ओवीला कधी ना कधी मला माफ करावंच लागलं असतं. पण मग ओवीला तो आजार आहे. भिंत उतरली तर ओवी धडधाकट, आणि मी तिची गदा एका अंदाजापायी मातीत घातली. मी रोज सकाळी अंबाबाईला हात जोडून सांगायचो, मला चूक ठरव. ठार चूक ठरव.

*

तिसरा महिना संपल्यावर ओवी पुन्हा बोगद्यात निजली. बाहेर बाकावर आबा बसले होते. या खेपेला ते शेजारच्या माणसाशी काही बोलत नव्हते.

साधा श्वास, मग कोंडलेला दम. दोन्ही झालं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. भिंत उतरली होती. तिनं दम कोंडला, कप्पा आखडला, पण पाकळी जागेवरच राहिली. दार उघडं होतं. तंतूंची वीणही सरळ होती. वेधनं तिचं हृदय दहा वर्षं पळवलं आणि ते कुठंही अडखळलं नाही. दोन्ही वेळा हिरवं.

"आपण वेधला खेळाडू दाखवले," मॅडम हळूच म्हणाल्या, "धावणारे, पोहणारे, सायकल चालवणारे. श्वास मोकळा सोडणारे सगळे. दम कोंडून वर्षानुवर्षं त्याच्यावर जोर लावणारं हृदय शिकताना त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. आता पैलवान दाखवू." त्या माझ्या पाठीवर थाप मारून बाहेर गेल्या, कारण मी रडत होतो.

ओवी कपडे बदलून आली. माझ्याकडं पाहून दारातच थबकली.

"काय आलं?"

"हिरवं. दोन्ही." मला हसू आवरत नव्हतं आणि डोळेही. "तुला काही झालेलं नाही. आजार नाही. उद्यापासून मातीत उतर."

ती खुर्चीवर बसली. पडद्यावर स्वतःचं हृदय बघत राहिली. ते सावकाश पिळत होतं, सुटत होतं.

"म्हणजे त्या दिवशी मला काही झालं नसतं."

"बहुतेक नसतं. नक्की कधीच कळणार नाही, पण बहुतेक नसतं."

"म्हणजे माझी गदा तू फुकट घालवलीस."

"हो," मी म्हणालो.

तीन महिन्यांनी तिनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. मला वाटलं आता ऐकवेल, आणि ऐकवावं असंही वाटत होतं. ती उठली, माझ्या टेबलावरचा टिश्यूचा डबा माझ्यापुढं सरकवला.

"हे आबांना सांगायचं न्हाई," ती म्हणाली.

"काय?"

"फुकट गेली ते. त्यांनी बजरंगकाकांना 'सोड' म्हटलं न्हाई, ते मला म्हटलं. त्यांना वाटू दे, त्यानं मी वाचलो." तिनं पडद्याकडं पुन्हा एकदा बघितलं. "इसाव्यानं बरं झालं म्हणून सांग. खोटं न्हाई ते."

आम्ही बाहेर आलो. आबा उभे राहिले. त्यांची हनुवटी खाली गेलेली, जबडा घट्ट मिटलेला, पोट आत ओढलेलं होतं. किती वेळ ते तसे बसले असतील कोण जाणे.

"आबा," मी म्हणालो, "बरी झालीय. विश्रांतीनं उतरलं सगळं. त्या दिवशी तुम्ही ओरडलात ते बरं केलंत."

आबांनी ओवीकडं पाहिलं. तिनं मान हलवली. मग त्यांच्या तोंडून एक लांब श्वास बाहेर पडला, आणि ते खाली बाकावर बसले.